पुडीत नेमकं काय आहे?

मेफेड्रोन, म्हणजे पोलिसांच्या आणि विकणाऱ्यांच्याही तोंडी असलेलं ‘एमडी’, दोन ग्रॅमपेक्षा कमी सापडलं तर कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षाची कैद. तेच पन्नास ग्रॅमच्या वर गेलं की किमान दहा वर्षं, कमाल वीस, वर एक ते दोन लाख रुपये दंड, आणि अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ३७मुळे जामीन मिळणं महाकठीण. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर पूड. तिच्यावर माणसाची दहा वर्षं ठरतात.

आता ही पूड मेफेड्रोनच आहे हे कळतं कसं? डोळ्यांना तर काहीच कळत नाही. मीठ, तुरटी, ग्लुकोज, गोळ्यांचा चुरा आणि एमडी शेजारी शेजारी मांडले तर वीस वर्षं नोकरी झालेला अधिकारीही नुसतं बघून छातीठोकपणे सांगणार नाही. हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर पुडी फोडून कण जिभेला लावतो आणि मान डोलावतो. खऱ्या आयुष्यात हे करू नये, कारण हल्ली बाजारात फिरणारे काही पदार्थ दोन-चार मिलिग्रॅममध्ये जीव घेतात.

अमली पदार्थांविरुद्धच्या सरकारी संशोधनाबद्दल आपण ऐकतो ते ड्रोन, उपग्रह, स्कॅनर यांच्याबद्दल. त्या संशोधनाचा मोठा भाग मात्र वरच्या साध्या प्रश्नाभोवती फिरतो. प्रयोगशाळेत मिळणारं पक्कं उत्तर रस्त्यावर, बंदरावर, नाक्यावर कसं आणायचं? आणि पुडी न उघडताच ते मिळेल का? या वाटेवरचं प्रत्येक उपकरण एका अगदी अरुंद प्रश्नाचं उत्तर देतं. गोंधळ होतो तो त्या उत्तराला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर समजल्यामुळे.

जप्तीच्या जागी पहिली निघते ती फील्ड टेस्ट किट. त्यात छोट्या कुप्या किंवा प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेली रसायनं असतात. चिमूटभर पूड टाकायची, कुपी फोडायची, हलवायचं आणि रंग बघायचा. यातलं सगळ्यांत जुनं आणि अजूनही चलनात असलेलं रसायन म्हणजे मार्क्विस अभिकर्मक: संहत सल्फ्युरिक आम्ल आणि फॉर्मॅल्डिहाइड. आजच्या एस्टोनियातल्या तार्तू इथल्या विद्यापीठात एदुआर्द मार्क्विसने १८९६ साली त्याचं वर्णन केलं. अफूच्या कुळातला पदार्थ असेल तर जांभळा रंग येतो, अ‍ॅम्फेटामाइन असेल तर नारिंगी होत होत तपकिरी, एमडीएमए असेल तर काळपट जांभळा. कोकेनसाठी कोबाल्ट थायोसायनेट वापरतात, त्याचा रंग निळा.

सव्वाशे वर्षांपूर्वीची परीक्षा आजही वापरात आहे, कारण ती स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही आणि एका मिनिटात निकाल लागतो. पण रंग रेणूच्या एखाद्या तुकड्यामुळे येतो, अख्ख्या रेणूमुळे नाही. कोबाल्ट थायोसायनेट कोकेनला निळं होतं तसं सर्दी-खाजेवरच्या डायफेनहायड्रामाइनलाही होतं. म्हणून तर १९७३ साली स्कॉट नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्याला पुढच्या दोन पायऱ्या जोडल्या. हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर निळा जाऊन गुलाबी यायला हवा, मग क्लोरोफॉर्म घातल्यावर तळाच्या थरात पुन्हा निळा. तिन्ही रंग ओळीने आले तरच पुढे जायचं. तरीही हा संशय बळकट करणारा निकाल असतो, सिद्ध करणारा नाही. आणि एमडीची गंमत अशी की मार्क्विसमध्ये ते जवळजवळ रंगच देत नाही, फार तर फिकट पिवळट. जुनी किट घेऊन गेलेल्या पथकाला समोरची पूड निरुपद्रवी वाटू शकते.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात किटच्या रंगावर विसंबून अटक झालेल्या अनेकांनी खटला टाळण्यासाठी गुन्हा कबूल केला, शिक्षाही भोगली. नंतर प्रयोगशाळेने नमुने तपासले तेव्हा त्यांत अमली पदार्थ नव्हताच, आणि न्यायालयाला त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. रसायन तिथे चुकलं नव्हतं. ‘असू शकेल’ एवढंच ते सांगत होतं.

किटच्या पुढची पायरी म्हणजे हातात मावणारं रामन यंत्र. सी. व्ही. रामन यांनी १९२८मध्ये कोलकात्यात जे पाहिलं तेच यात चालतं. लेसरचा किरण पदार्थावर पडला की बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाचा परत फिरतो, अगदी थोडा मात्र रेणूच्या कंपनांमुळे रंग किंचित बदलून येतो. हे बदल प्रत्येक रेणूचे वेगळे असतात. यंत्र ते स्वतःच्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहतं आणि पडद्यावर नाव देतं. मोठा फायदा असा की पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उघडावी लागत नाही, म्हणजे मुद्देमालाला हात लागत नाही आणि अधिकाऱ्याच्या नाकातही काही जात नाही. अडचणीही आहेत. भुरकं हेरॉइन लेसरखाली स्वतःच चमकू लागतं आणि त्या चमकेत रामनचा क्षीण संकेत बुडून जातो. मिश्रणात खरा माल दोन-चार टक्केच असेल, बाकी साखर, तर यंत्र प्रामाणिकपणे सांगतं: साखर. आणि साठ्यात ज्याची नोंदच नाही तो पदार्थ त्याला ओळखता येत नाही.

यानंतर मुद्देमालाचा कागदोपत्री प्रवास सुरू होतो, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त खटले इथे बुडतात. पंचनाम्यात लिहिलेलं वजन पिशवीसकट आहे की पिशवी वजा करून? पन्नास ग्रॅमच्या काठावरच्या प्रकरणात प्लास्टिकच्या पिशवीचे दोन ग्रॅम दहा वर्षांचे ठरू शकतात. नमुना कुणी, कुणासमोर काढला? २०१६च्या मोहनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२अ अन्वये नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्यावर भर दिला आणि २०२२च्या नियमांनी ती पद्धत पक्की केली. प्रत्येक नमुना पाच ग्रॅमचा, अफू-गांजा-चरस असेल तर चोवीस ग्रॅमचा, दुहेरी काढायचा, लाखेचं सील लावायचं. सीलचा ठसा वेगळ्या कागदावर प्रयोगशाळेकडे जातो. तिथला माणूस आधी ठसा जुळवतो, मगच पाकीट उघडतो. ठसा जुळला नाही तर पुढचं कितीही महागडं यंत्र बचावपक्षाच्या वकिलापुढे निरुपयोगी.

भेसळीचाही प्रश्न असतो. शंभर ग्रॅम पुडीत एमडी वीसच ग्रॅम असेल तर वजन कोणतं धरायचं? सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या निकालानुसार फक्त शुद्ध पदार्थाचं. एप्रिल २०२०मध्ये हीरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवलं: भेसळीसकट सगळं वजन धरायचं, कारण रस्त्यावर विकलं जातं ते मिश्रणच.

महाराष्ट्रात नमुना राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मुंबईची कलिन्याला, विद्यानगरीत. नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती इथे विभागीय शाखा आहेत. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, केमिकल अ‍ॅनालायझरचा म्हणून. या अहवालाचा कणा असतो जीसी-एमएस हे यंत्र, आणि त्याच्याशी जरा थांबायला हवं.

पूड द्रावकात विरघळवून तिचा एक थेंबही नाही इतका अंश यंत्रात टोचतात. आत तो तापून वायू होतो आणि हेलियमच्या झोतावर एका नळीत शिरतो. ही नळी साधारण तीस मीटर लांब, आतली पोकळी पाव मिलिमीटर, वेटोळं करून भट्टीत ठेवलेली. तिच्या आतून एक पातळ लेप असतो. तुळशीबागेच्या बोळातून माणसं जातात तसे रेणू तिच्यातून जातात. कुणी इकडेतिकडे न बघता लक्ष्मी रोडला बाहेर पडतो, कुणी प्रत्येक दुकानाशी रेंगाळत शेवटी येतो. एकाच वेळी आत शिरलेले वेगवेगळे पदार्थ त्यामुळे वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर येतात. भेसळीचं कॅफिन, मूळ माल सगळं सुटं होतं. हे झालं जीसी.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थावर मग सत्तर इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो आणि रेणू फुटतो. कसाही नाही, ठरावीक सांध्यांवरच फुटतो. तुकड्यांची वस्तुमानं मोजून त्यांचा आलेख काढतात: कमी-जास्त उंचीच्या उभ्या रेघा. मेफेड्रोनच्या रेणूचं वस्तुमान १७७. त्याच्या आलेखात सगळ्यांत उंच रेघ मात्र ५८वर असते, नायट्रोजन असलेल्या छोट्या तुकड्याची. ११९ आणि ९१वर आणखी दोन. हे झालं एमएस.

प्रकरण इथे संपलं असं वाटतं, पण ५८ची उंच रेघ मेथॅम्फेटामाइनच्या आलेखातही असते. ते अगदीच वेगळं प्रकरण, ११९च्या रेघेने लगेच कळतं. खरी पंचाईत मेफेड्रोनच्या सख्ख्या भावंडांची आहे. मेफेड्रोनमध्ये बेंझिनच्या कड्यावर चौथ्या जागी एक मिथाइल गट लटकलेला असतो. तोच गट तिसऱ्या जागी सरकवला की ३-एमएमसी होतं. वस्तुमान तेवढंच, फुटण्याची पद्धत तीच, रेघा जवळपास तंतोतंत सारख्या. युरोपात मेफेड्रोनवर बंदी आल्यावर नेमकं हेच भावंड बाजारात पसरलं. नेदरलँड्सने त्यावर २०२१मध्ये बंदी आणली. दोघांना वेगळं ओळखायचं तर एमएसवर भागत नाही. खात्रीचा शुद्ध नमुना त्याच नळीतून सोडून दोघं किती मिनिटांनी बाहेर येतात ते पाहावं लागतं, किंवा अवरक्त किरणांची परीक्षा करावी लागते.

एका यंत्राचं उत्तर पुरेसं कधी मानायचं, हा प्रश्न सरकारी संशोधनाने यंत्रांइतकाच गांभीर्याने घेतला. व्हाइट हाऊसच्या अमली पदार्थ धोरण कार्यालयाने आणि अमेरिकेच्या अमली पदार्थ अंमलबजावणी खात्याने, म्हणजे डीईएने, १९९७मध्ये तज्ज्ञांचा एक गट उभा केला. आज तो स्विगड्रग या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या शिफारशी जगभरच्या प्रयोगशाळा प्रमाण मानतात. त्यांनी परीक्षांच्या तीन पायऱ्या केल्या. वरच्या पायरीवर रेणूची रचना दाखवणाऱ्या एमएस, अवरक्त, रामन, एनएमआर, मध्ये जीसीसारख्या पदार्थ सुटे करणाऱ्या, खाली रंगाच्या. वरच्या पायरीची परीक्षा केली तरी जोडीला निदान एक वेगळ्या तत्त्वावरची हवीच. कागदावरच्या या नियमाचं काम मला महागड्या स्कॅनरपेक्षा मोठं वाटतं.

अर्थात नियम पाळणारा माणूस हवा. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ कामाचा उरक दाखवण्यासाठी नमुने न तपासताच ‘पॉझिटिव्ह’ लिहीत होती, हे २०१२मध्ये उघड झालं. २०१७मध्ये तिच्या अहवालांवर उभे असलेले एकवीस हजारांहून जास्त खटले न्यायालयाने रद्द केले. त्याच राज्यातल्या कोकेनच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सांगितलं होतं की प्रमाणपत्र म्हणजे साक्ष नव्हे, विश्लेषकाला उलटतपासणीला उभं राहावं लागेल. आपल्याकडे उलट आहे. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला पिंजऱ्यात न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालयाला वाटलं तर त्याला बोलावता येतं. खटल्यांचा ढीग बघता ही सोय समजते, पण सीए रिपोर्टमागच्या मूळ आलेखांच्या प्रती बचावपक्षाने मागायची सवय आपल्याकडे पडायला हवी.

पदार्थ कळला, आता तो आला कुठून? हे शोधण्यासाठी डीईए १९७७पासून हेरॉइनच्या ‘सही’चा कार्यक्रम चालवते. हेरॉइन तयार करताना अफूतले पापाव्हरीन, नॉस्कॅपीन असे इतर पदार्थ आणि अर्धवट प्रक्रिया झालेले रेणू मागे राहतात. कोणत्या भागातले लोक कोणत्या पद्धतीने माल काढतात त्यानुसार त्यांचं प्रमाण बदलतं. कोकेनच्या बाबतीत तर थेट मातीपर्यंत जाता येतं. यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की कोकाच्या पानांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण पाऊस, दमटपणा, मातीतले जिवाणू यांनुसार बदलतं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पाच प्रदेशांची पानं त्यावरून सुटी ओळखता येतात. ही माहिती कुणाला शिक्षा द्यायला वापरत नाहीत. वाटा कुठे वळल्या ते कळायला वापरतात.

आता न उघडता बघण्याकडे वळू, म्हणजे बंदराकडे. न्हावा शेव्याला येणारा प्रत्येक कंटेनर उघडायचा म्हटलं तर बंदर बंद पडेल, म्हणून कागदपत्रांवरून संशयित निवडायचे आणि स्कॅनरखालून न्यायचे. कंटेनरचं पोलाद भेदायला दवाखान्यातले क्ष-किरण पुरत नाहीत, लाखो इलेक्ट्रॉन व्होल्टचे लागतात. ते देणारा रेखीय त्वरक भाभा अणुसंशोधन केंद्रानेही मालतपासणीसाठी विकसित केला आहे. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण आलटून पालटून सोडले की आतलं सामान जड मूलद्रव्यांचं आहे की कार्बन-हायड्रोजनसारख्या हलक्यांचं, हे वेगळं काढता येतं. यंत्रांच्या सुट्या भागांच्या मधोमध सेंद्रिय पदार्थाचा ठोकळा दिसला तर कुणालाही कळेल.

तस्करांनाही हे कळतं. सप्टेंबर २०२२मध्ये दिल्ली पोलिसांनी न्हावा शेव्याच्या एका कंटेनरमध्ये वीस टनांहून जास्त ज्येष्ठमध पकडलं. काड्यांवर हेरॉइनचा लेप होता, अंदाजे साडेतीनशे किलो. ज्येष्ठमधही सेंद्रिय, हेरॉइनही सेंद्रिय, स्कॅनरच्या पडद्यावर दोन्ही एकाच रंगात. आतमध्ये काही लपवलेलंच नव्हतं, तर सापडणार काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुजरातेत पिपावावला हेरॉइनच्या द्रावणात भिजवून वाळवलेलं सूत निघालं. अशा मालाला प्रतिमा नव्हे, वास किंवा कण पकडणारं काहीतरी लागतं. कापडाच्या तुकड्याने पुसून तो यंत्रात तापवायचा, निघालेले आयन विद्युत क्षेत्रात किती वेळात सरकतात ते मोजायचं. विमानतळावर तुमच्या बॅगेवरून पांढरी पट्टी फिरवतात ती याच जातीची तपासणी, फक्त तिथे मुख्यतः स्फोटकं शोधतात.

किंवा कुत्रा. कुत्र्याला कोकेनचा वास येतो असं म्हणतो खरं, पण कोकेन फारसं उडून जात नाही. दमट हवेत त्याचं थोडं विघटन होऊन मिथाइल बेंझोएट निघतं, आणि कुत्रा बहुधा त्यालाच प्रतिसाद देतो. हेरॉइनमधून तसाच व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. हे कळल्यावर खरा माल न वापरताही कुत्र्यांना शिकवता येऊ लागलं. आपल्याकडे हे शिक्षण ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात चालतं.

न उघडता बघण्याला मर्यादा नुसत्या पदार्थविज्ञानाच्या नसतात, कायद्याच्याही असतात. अमेरिकेने १९९०च्या कायद्याने अमली पदार्थविरोधी तंत्रज्ञानासाठी एक केंद्र स्थापलं होतं. व्यसनी मेंदूच्या संशोधनापासून मालतपासणीच्या यंत्रांपर्यंत त्याने पैसा पुरवला आणि १९९८पासून छोट्या गावांच्या पोलिसांना तयार उपकरणं फुकट वाटली. त्यांत उष्णता टिपणारे कॅमेरेही होते. तसाच कॅमेरा जानेवारी १९९२मध्ये, पहाटे तीनच्या सुमारास, ऑरेगनमधल्या फ्लॉरेन्स गावात एका सरकारी अधिकाऱ्याने मोटारीत बसून समोरच्या घरावर रोखला होता. गॅरेजवरचं छप्पर शेजाऱ्यांच्या छपरापेक्षा गरम दिसलं. आत दिव्यांखाली शंभरावर गांजाची झाडं निघाली. अंदाज अचूक होता. तरी जून २००१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की वॉरंटशिवाय घराची उष्णता बघणं हीसुद्धा झडतीच.

सगळं जमलं तरी एक कुंपण उरतं, कायद्याच्या यादीचं. २०१४पर्यंत मुंबईत एमडी ‘म्याव म्याव’ या नावाने सर्रास विकलं जात होतं. ते काय आहे हे प्रयोगशाळेला कळत होतं, पण एनडीपीएसच्या अनुसूचीत त्याचं नाव नव्हतं. ते फेब्रुवारी २०१५मध्ये आलं. ब्रिटनने एप्रिल २०१०मध्येच बंदी घातली होती, आणि तीही नुसत्या मेफेड्रोनवर नाही. त्याच्या कॅथिनोन कुळातल्या रेणूंची व्याख्याच कायद्यात घालून. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत असे नवे पदार्थ आता हजाराच्या वर गेले आहेत. आपली पद्धत प्रामुख्याने एकेका नावाची अधिसूचना काढण्याची आहे, म्हणजे मिथाइल गट एक घर सरकवला की विकणाऱ्याला काही महिने मोकळे मिळू शकतात.

कुळाची व्याख्या केली की ती पळवाट बुजते, पण भार प्रयोगशाळेवर येतो. तिला नाव सांगून भागत नाही, कोणता गट कड्याच्या कोणत्या जागी आहे ते दाखवावं लागतं. नव्या रेणूचा शुद्ध नमुना जगात कुठे विकत मिळत नसेल तर जीसी-एमएसची तुलना करायला काही नसतं. मग एनएमआर लागतं. ते द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेल्या चुंबकावर चालतं आणि किंमत कोटींच्या घरात जाते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात जुलै २०२१मध्ये अमली पदार्थांच्या विश्लेषणासाठी खास केंद्र सुरू झालं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी २०२४मध्ये जसा शेकडो किलो एमडीचा साठा निघाला, तसा उद्या एखाद्या अनोळखी भावंडाचा निघाला, तर ते ओळखायला अशा ठिकाणीच नमुना पाठवावा लागेल.